रंगकोठीचं दार

मिस्त्रींनी बोटीच्या फळ्यांवर खडूने जहाज काढलं. सुरुवात मागून केली. पंखा, इंजिनघर, खलाशांच्या खोल्या, मालाची दोन कोठारं. जिथे जिथे पत्रा कापून माणूस सहज जाईल एवढी वाट केली होती, तिथे त्यांनी फुली मारली. एक्केचाळीस फुल्या झाल्या. जहाजाच्या नाकाशी येऊन त्यांचा हात थांबला.

"हे सगळं बघून झालंय, बाबा," जावई म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला होता. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली पाण्याखालच्या मुखवट्याचे वळ पक्के झाले होते. "पुढे काय आहे?"

"पुढे साखळीची खोली. तिला वरून मोकळं केलंय."

"आणि ही जागा?"

"ती रंगकोठी. रंगाचे डबे ठेवायचे तिथे."

"दार?"

मिस्त्रींनी खडूची पूड बोटांवरून झटकली. "काढलंय. यादीत आहे."

चार वर्षांपूर्वी ते जहाज मुद्दाम बुडवलं होतं, माशांना आसरा व्हावा आणि पाण्याखाली उतरणाऱ्या हौशी लोकांना बघायला काहीतरी असावं म्हणून. बुडवण्याआधी मिस्त्रींच्या टोळीने सात महिने ते आतून सोललं होतं. तेल, तारा, काचा, सगळं बाहेर. दारं तर एकूण एक उतरवायची, कारण माणूस आत असताना मागे काही बंद होता कामा नये. गोदीत लोक त्यांना बुडव्या म्हणत. बाकीचे मिस्त्री जहाजं तरंगवून नाव काढतात, आमच्या बुडव्याचं सगळं उलटं, अशी थट्टा चाले आणि तेही हसत. परवापासून ती कोणी केली नव्हती.

परवा सकाळी जावई अशाच पाच हौशी लोकांना घेऊन खाली उतरला होता आणि वर चारच आले. पाचवा सव्वीस वर्षांचा होता, शिकाऊ नव्हता. जावई लगेच हवेची दुसरी टाकी लावून खाली गेला. मग पुन्हा गेला. काल दिवसभर शोधलं. पोरगा जहाजाबाहेर निघून प्रवाहाला लागला असेल, असं आता सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते.

जावयाने पाठीवर टाकी चढवली. त्याच्या डायव्हिंगच्या दुकानातला जोडीदार आधीच काठावर बसला होता.

"मागची कोठारं परत एकदा बघतो," जावई म्हणाला आणि मुखवटा डोळ्यांवर ओढू लागला.

"आधी रंगकोठी बघा," मिस्त्री म्हणाले.

"बरं."

"आणि पहार न्या."

जावयाचा हात मुखवट्यावर तसाच राहिला. दार नसलेल्या खोलीसाठी पहार कशाला, हे त्याने विचारलं नाही. सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं. मिस्त्री फळ्यांवरच्या खडूकडे बघत होते. जोडीदाराने बाकाखालून पहार ओढून काढली आणि दोघे पाण्यात गेले.

बुडबुडे बोटीपासून लांब, जहाजाच्या नाकाच्या दिशेने सरकले आणि एका जागी थांबले. मिस्त्री मिनिटं मोजत राहिले. चार वर्षांपूर्वी जहाज सोलण्याचा शेवटचा दिवस होता तो. दुसऱ्या दिवशी जहाज ओढून न्यायचं होतं, पाहुणे बोलावले होते. पत्रा कापायचा गॅस संपला, नवा सिलिंडर यायला संध्याकाळ होणार होती. रंगकोठीचं दार उघडंच होतं आणि गंजून असं बसलं होतं की घणाने हललं नाही. गोदीचा साहेब म्हणाला, हे कुठे बंद होतंय आता, मारा यादीत खूण. खूण मिस्त्रींनी स्वतः मारली होती, खाली सही केली होती. गेल्या महिन्यात वादळ झालं. जहाज तळावर एका कुशीला कललं, असं जावयानेच जेवताना सांगितलं होतं. तेव्हा मिस्त्रींनी घास खाली ठेवला होता. लेकीने विचारलं, तिखट झालंय का? ते हो म्हणाले होते.

पस्तीस मिनिटांनी दोघे वर आले. तिघांना मिळून पोराला बोटीत घ्यावं लागलं. त्याच्या हातमोज्यांची बोटं फाटलेली होती. मिस्त्रींनी ताडपत्री पांघरली आणि तिच्या कडा दाबत बसले.

"दोनदा त्या दारावरून गेलो होतो मी," जावई पाण्याकडे बघत म्हणाला. "शिंपले बसलेत. भिंत वाटली."

धक्क्यावरच्या ऑफिसात पंखा घरघरत होता. अधिकारी जबाब लिहून घेत होता आणि मिस्त्री दाराजवळच्या स्टुलावर बसले होते.

"सापडला कुठे?"

"पुढच्या कोठाराजवळ," जावई म्हणाला. "मोकळ्यावर."

"काल तिथे पाहिलं नव्हतं?"

"पाहिलं होतं. नजरेतून सुटलं असेल."

जोडीदार खिडकीबाहेर बघत होता. मिस्त्रींनी तोंड उघडलं, तेवढ्यात जावई उठला, त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन आला.

"माणसं मोजायला मी चुकलो, हे खोटं नाही," तो भराभर बोलला. "फार तर लायसन्स जाईल. दुसरं काम बघेन. तुमचं वय बघा. तिची आई जाऊन वर्ष नाही झालं, आता बाप तुरुंगात गेलेला तिला बघवेल का?"

"पण ते दार..."

"ते मी उद्या खाली जाऊन तोडतो. तुम्ही घरी जा, बाबा. तिला काही बोलू नका."

तो आत गेला. मिस्त्री पायऱ्या उतरले.

खाली बाकावर पोराची थोरली बहीण बसली होती. शाळेत गणित शिकवायची. दोन दिवस ती तिथेच होती, रडत नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक साधा प्रश्न विचारत होती. ओळख पटवून ती नुकतीच परतली होती. मिस्त्री तिच्यासमोरून पुढे जाऊ लागले.

"तुम्ही बोटीवर होतात ना?" तिने विचारलं.

"होतो."

"एक सांगाल? खाली पाऊण तासाची हवा असते म्हणतात. बाकीचे पंचवीस मिनिटांनी वर आले. मग उरलेली वीस मिनिटं हा काय करत होता?"

मिस्त्रींनी पायऱ्यांच्या वर, ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

"वरचे अधिकारी म्हणतात, घाबरला असेल. घाबरल्यावर माणसाला सुचत नाही. मोकळ्या पाण्यात होता तर वर यायचं होतं नुसतं." ती थांबली. "लहानपणापासून मी त्याला पोहायला नेत होते. आता लोकांना काय सांगू, घाबरून मेला?"

मिस्त्री तिच्या शेजारी बसले.

"नाही घाबरला तो," ते म्हणाले. "मोकळ्यावर नव्हताच. आत होता, खोलीत. मागे दार बंद झालं. ते दार काढायचं काम माझं होतं, आणि मी काढलं नाही. काढलं असं लिहून दिलं."

धक्क्यावर कोणीतरी टाक्या उतरवत होतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं. तो आवाज थांबल्यावर तिने विचारलं,

"आत अंधार होता?"

"झरोका आहे एक. उजेड येतो."

"केवढा?"

मिस्त्रींनी दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल करून दाखवला. तिने तो बघितला. मग आपला हात त्यातून आरपार घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंडाशी हात अडला. मिस्त्रींनी बोटं सोडली नाहीत. तिने हात हळूच मागे घेतला.

"हे वर ऑफिसात सांगाल?"

ते उठले. ती मागोमाग आली. पायऱ्यांच्या वर जावई दारात उभा होता. जबाबावर सही करून त्याच्या बोटांना शाई लागली होती. त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि चौकटीला हात टेकवून वाट अडवली.

"बाबा, घरी चला."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मिस्त्रींनी जावयाला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"सरक, बाळा," ते म्हणाले.