निषादावर सोडलेली ओळ

वर्धमान मगदूम यांच्या पोटात मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता दुखायला लागलं, आणि ते दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. राजारामपुरीत त्यांच्या चष्म्याच्या दुकानाभोवती डॉक्टरांची काही टंचाई नाही. वरच्या मजल्यावर दातांचा, शेजारी हाडांचा, समोर लहान मुलांचा. पण दुसऱ्याचं गाणं आपल्यापेक्षा चांगलं झालं म्हणून जे दुखतं, त्यावर औषध देणारा त्या साऱ्या गल्ल्यांत एकही नाही.

गाणं आलं होतं ‘चालकट्टा’वर. चालकट्टा म्हणजे हौसेनं चाली बांधणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कोल्हापूर, जयसिंगपूर, निपाणी अशी इकडची पावणेदोनशे माणसं. कुणी मास्तर, कुणी वायरमन, कुणी बँकेतला. दिवसभर पोटापाण्याचं बघायचं आणि उरलेल्या वेळात पेटी नाहीतर नुसता गळा घेऊन बसायचं. दर महिन्याला ॲडमिन धैर्यशील एक कविता टाकतो. ज्याला जमेल त्यानं तिला चाल लावायची, मोबाइलवर गाऊन टाकायची, मग बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचे. त्यावरून चाल सुधारली, तर नवी टाकायची आणि जुनी सगळ्यांसाठी डिलीट करायची, हा धैर्यशीलचा कडक नियम. मागं एकदा एकाच माणसाच्या तीन-तीन चाली पडल्या होत्या आणि मत नेमकं कुठलीला दिलं यावरून दोन शहाणी माणसं एकमेकांच्या खानदानावर गेली होती. तेव्हापासून एका माणसाची एकच चाल. शनिवारी संध्याकाळी सहाला दार बंद आणि रविवारी मतदान.

या ग्रुपवर वर्धमानकाकांचा शब्द चालायचा. तरुणपणी जयसिंगपूरला ते नऊ वर्षं पेटी शिकले होते, ही गोष्ट ग्रुपवर ज्याला माहीत नाही त्याला ते स्वतःच माहीत करून देत. त्यांनी ‘बरी आहे’ म्हटलं की मागोमाग वीस जण ‘बरी आहे’ म्हणत. ते ‘पुन्हा विचार करावा’ म्हणाले की बिचारा चालवाला दोन दिवस जेवत नसे. मोठेपण मिरवायला सगळ्यांनाच आवडतं, काकांना जरा जास्त आवडायचं, एवढंच.

या महिन्याची गोष्ट निराळी होती. निवडून येणारी चाल खऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड होणार होती. तबला, बासरी, व्हायोलिन, आणि गायला एक तयार गळ्याची बाई. वर्धमानकाका छपन्न वर्षांचे झाले होते. शंभराच्या वर चाली त्यांनी बांधल्या होत्या आणि त्या सगळ्या आजवर एकाच माणसानं गायल्या होत्या, म्हणजे त्यांनी स्वतः. आपली चाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, एकदा तरी. बाकी त्यांना काही नको होतं.

कविता केरबाअण्णांची होती. केरबाअण्णा म्हणजे ग्रुपवरचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. साधी, गावठी कविता:

उसाला आला तुरा,
कुणी येईना घरा.

‘घरा’ या शब्दावर सगळ्यांनी ओळ ‘सा’वर आणून टेकवली होती. वर्धमानकाकांनीसुद्धा. सा म्हणजे गाण्याचं घर. सूर कुठं कुठं भटकून सा वर आला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पायातल्या चपला काढल्यासारखं. काकांची चाल तर असल्या सुबक वळणानं सा वर यायची की ‘वा’ला जागाच जागा. मोबाइलवरचे लाल बदाम पन्नास पडले होते.

आणि मंगळवारी संयोगिताची चाल आली. ही कसबा बावड्याची पोरगी, ग्रुपवर येऊन जेमतेम दोन महिने झालेली. दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचं काम करते. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं कॅन आदळत होते आणि कुणीतरी ‘म्हशीचं का गाईचं?’ म्हणून ओरडत होतं. काकांनी आधी हसून घेतलं. मग ती ‘कुणी येईना’पर्यंत आली, सूर वर चढला, ‘घरा’वर निषादाला पोचला आणि तिथंच थांबला. सा च्या उंबऱ्यावर. आत आलाच नाही. पोरीनं ओळ तशीच सोडून दिली.

ज्याची वाट बघायची तो घरी येत नाही, तर सूर तरी कसा येईल? काकांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ पोटात दुखायला लागलं. नऊ वर्षं पेटी शिकून आपल्याला हे सुचलं नाही. दुधात फॅट बघणाऱ्या पोरीला सुचलं. का? काय म्हणून? त्यांनी चाल सहा वेळा ऐकली, स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवली आणि सातव्यांदा ऐकली. समोर एक गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघत होतं, त्याला ‘चांगली दिसते’ म्हणायचं भानही राहिलं नाही.

ग्रुपवर अजून कुणी काही बोललं नव्हतं. सगळे काकांची वाट बघत होते. काकांनी चष्मा पुसला आणि लिहिलं:

‘संयोगिता, प्रयत्न चांगला. पण ओळ अधांतरी राहते. ध्रुवपद सा वर आणून सोडण्याची पद्धत आहे, ती मोडायला आधी अधिकार लागतो. शेवट बदलावा.’

या अभिप्रायात चुकीचं एक अक्षर नव्हतं. कुठल्याही गुरुजींना दाखवला असता तरी त्यांनी मान डोलावली असती. म्हणून तर काकांनी तो लिहिला. अधांतरी राहणं हाच त्या चालीचा जीव आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवून दाबलं. मागोमाग वीस जण म्हणाले, ‘अधांतरी वाटते.’

अर्ध्या तासात तिचं उत्तर आलं. ‘धन्यवाद काका. मी शिकलेली न्हाय ओ, मला कुणी असं सांगतच न्हाय. बदलतो.’ बावड्याकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना ‘करतो, बदलतो’ असंच बोलतात, आणि शब्दालाही तशाच पक्क्या असतात. बुधवारी नवी चाल आली, जुनी गेली. नवी सा वर व्यवस्थित उतरत होती. उतरण्यासाठी तिनं मधली चढणच सपाट केली होती. आता ती इतर चाळीस चालींसारखी एक चाल होती.

‘छान सुधारणा,’ काकांनी लिहिलं. त्या रात्री त्यांना झोप मस्त लागली, हे सांगायला वाईट वाटतं पण खरं आहे.

शनिवारी दुपारी एक वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून काका जेवायला मागच्या खोलीत निघाले होते, तेवढ्यात फोन वाजला.

“काका, संयोगिता बोलतोय, बावड्यातनं. वेळ हाय का?”

“बोल की.”

“माझी पयली चाल तुमच्याकडं ऱ्हायली हाय का कुठं? आई म्हणती, पयली बरी हुती. केरबाअण्णाबी तसंच म्हणालं. मी कवाधरनं लावून बघतोय, त्यो शेवटचा सूर आठवतोय, पण तिथवर कशी गेलतो त्येच आठवंना. नवी गाऊन गाऊन जुनी पार पुसली बघा. सगळ्यांस्नी इचारलं, कुणाकडंच न्हाय.”

चाल काकांच्या हातातल्याच फोनमध्ये होती. सगळ्या जगात फक्त तिथंच होती.

“न्हाई पोरी. तू डिलीट केलीस न्हवं? मग ती समद्यांकडनंच जाती.”

“व्हय की. माझंच चुकलं. ऱ्हाऊ दे मग, तुम्ही सांगितल्यासा तशीच ठेवतो. तुम्हांस्नी जास्त कळतंय.”

काका जेवले. आमटी कसली होती हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

चार वाजता दुकान पुन्हा उघडून ते काचा घासायला बसले. एका म्हाताऱ्या बाईंचा चष्मा संध्याकाळी द्यायचा होता. मशीनवर काच फिरत होती, हात आपोआप चालले होते. चंदनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून दारात उभी राहिली. काकांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं त्यांना जाणवलं की मशीन बंद झालंय आणि आपण गप्प बसलोय.

“थांबलासा का?” काकू म्हणाली.

“काय थांबलो?”

“गुणगुणत हुतासा की. ‘कुणी येईना घरा’. तीस वर्सं तुमच्या चाली ऐकत्या मी. भाजी निवडताना ऐकल्या, आजारी असताना ऐकल्या. खरं सांगू? कवा कशात जीव अडकला न्हाई. ह्यात अडकला. ही कवा केलासा?”

काकांना एकदम रागच आला. कुणाचा, ते सांगणं अवघड. तीस वर्षांत बायकोला पहिल्यांदा आवडलेली चाल, आणि तीही त्या पोरीची! त्यांना क्षणभर वाटलं, म्हणावं, केली मंगळवारी. कोण विचारणार होतं? जिची होती तिलाच आठवत नव्हती. तोंड उघडलंसुद्धा. पण चंदनाकाकू अशी बघत होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तशी, की खोटं तोंडातच वाळून गेलं.

“माझी न्हाय ती,” काका म्हणाले. “बावड्याच्या एका पोरीची हाय.”

काकूनं चहा टेबलावर ठेवला. “मग तिला सांगा की, चांगली झालीया म्हणून. असलं सांगायला काय हुतंय?”

ती गेली. घड्याळात पाच वाजायला आले होते. सहाला दार बंद. एक तास नुसतं काचेवर बोट फिरवत बसलं असतं तरी सगळं आपोआप काकांच्या मनासारखं झालं असतं. स्टुडिओ, बासरी, तयार गळ्याची बाई. काकांनी ती बाई आपली चाल गाताना मनात ऐकून बघितली. सुबक, सा वर येणारी. त्यांना ती ऐकवेना.

त्यांनी फोन घेतला आणि संयोगिताला चाल पाठवली. खाली लिहिलं, ‘सापडली. माझं सांगणं चुकलं होतं.’ मग त्यांनी ते वाचलं. चुकलं? चुकायला ते आधी नकळत व्हावं लागतं. त्यांनी दोन्ही वाक्यं पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शेवटी लिहिलं:

‘ती पहिल्यापासून माझ्याकडं होती. तुझी चाल माझ्यापेक्षा चांगली होती म्हणून मी मुद्दाम तुला बिघडवायला लावली.’

आणि विचार बदलायच्या आत पाठवून टाकलं.

दोन निळ्या खुणा आल्या. म्हाताऱ्या बाई येऊन चष्मा घालून गेल्या. पाच पन्नासला चालकट्ट्यावरची बुधवारची चाल गेली आणि संयोगिताची पहिली चाल पडली, मागच्या कॅनसकट, ‘म्हशीचं का गाईचं?’सकट. ‘कुणी येईना’वर सूर चढला, उंबऱ्यावर थांबला, आणि या वेळी कुणी काकांची वाट बघितली नाही. बदामांवर बदाम पडत गेले. केरबाअण्णांनी रडण्याची तीन तोंडं टाकली. सहा वाजता धैर्यशीलनं दार बंद केलं आणि लिहिलं, ‘काका, एवढ्या एका चालीवर तुमचा अभिप्राय राहिलाय. सगळे थांबलेत.’

त्याच वेळी संयोगिताचं उत्तर आलं, एकट्या काकांना.

‘माझा कान सांगत हुता, नवी बरोबर न्हाय म्हणून. पण तुम्ही सांगितल्यासा म्हणून मी माझ्या कानाचं ऐकलो न्हाय. चाल परत दिलासा, ते बरं केलासा. पण इथनं पुढं माझ्या चालीवर तुम्ही काय लिवू नका.’

ग्रुपवर धैर्यशीलनं पुन्हा विचारलं, ‘काका?’

काकांनी फोन पालथा ठेवला आणि शटर ओढायला उठले.