पुत्रंजीवाच्या फांदीवरची गाठ

"बा देवा म्हाराजा, ह्या झाडाच्या मुळात बसलेल्या राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तुझो मणी गळ्यात बांधीत, तेच्या पोराक देवी शिवू नये!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ज्या पोराक सुई टोचली, तेची जबाबदारी तुझ्यार नाय!"

"व्हय म्हाराजा!"

लालबागच्या त्या चाळीचं पटांगण रविवारी सकाळी आठालाच फुलून गेलं होतं. तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी वाकले होते. मधोमध उंच, वरूनही झाकलेली कनात, कनातीच्या आत जुनं पुत्रंजीवाचं झाड, आणि कनातीपुढे चौरंगावर भगव्या कफनीतले दौलतबुवा. कफनी मनगटापर्यंत, दाढी छातीपर्यंत आणि आवाज थेट नाक्यापर्यंत.

चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. गावी गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाक्यात काय आहे ते कुणी तोलून बघत नाही. भोंगा झाला की पाय गिरणीकडे वळतात, तसा हा होकार आपोआप तोंडातून निघतो. आणि एकदा निघाला की तो देवाला दिलेला शब्द. बुवांनी ही सवय बरोबर हेरली होती. तीन होकार देवाच्या नावाचे झाले की चौथा ते स्वतःच्या सोयीचा काढून घेत.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या लतिकाच्या तोंडून मात्र चकार शब्द निघाला नाही. ती भोईवाड्यात आईवडिलांकडे राहायची. नुकतीच वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. या चाळीत तिची थोरली बहीण बकुळा दिली होती. लतिका आज सूड उगवायला आली होती, आणि त्यासाठी तिनं जवळजवळ वर्षभर तयारी केली होती.

गेल्या पौषात हे झाड फळांनी लगडलं होतं. त्याआधी दोन वर्षं त्यावर ओंजळभरही बी धरलं नव्हतं. नेमके तेव्हाच दौलतबुवा उगवले, बारा वर्षं गिरनारच्या गुहेत तप करून आलेले, असं त्यांचं त्यांनीच सांगितलं. झाड आपल्या मंत्रानं भरलं, असंही तेच म्हणाले. पुत्रंजीवाच्या बियांची माळ मुलांच्या गळ्यात घालायची रीत जुनीच आहे. बुवांनी तिला नवी अट जोडली: माळ हवी तर सुई नको. देवीची लस टोचणारा म्युनिसिपालटीचा राजाराम पेटी घेऊन आला, तेव्हा बायकांनी वरून त्याच्या अंगावर पाणी ओतलं. बकुळाची मुलगी वेणू तेव्हा चार वर्षांची होती. गळ्यात माळ घालून ती जिन्यात नाचत होती.

फाल्गुनात वेणूला देवी आल्या. अकराव्या दिवशी ती गेली.

"आईनं विटाळात माळेला हात लावला," बुवांनी निकाल दिला. "राखणदार कोपला."

झालं! त्या दिवसापासून नळावर बकुळाची कळशी आली की बाकीच्या बायका आपापल्या कळश्या उचलून बाजूला होत. सासू जाईबाई तिच्या हातचं पाणी पिईना. नवरा गिरणीतली पाळी संपली तरी घरी यायला उशीर करू लागला. आणि बकुळा? तिलाच ते खरं वाटू लागलं होतं. "लते, मी खरंच शिवले असेन गं," ती एकदा म्हणाली. लतिकाला वेणूच्या मरणाइतकाच त्या वाक्याचा राग आला होता.

आता भाद्रपदात बकुळाला मुलगा झाला होता, हेरंब. चार महिन्यांचं पोर. कॉटन ग्रीनकडे पुन्हा देवीची साथ सुरू झाली होती, दोन घरांवर म्युनिसिपालटीच्या पाट्या लागल्या होत्या. जाईबाईंचं एकच पालुपद: "आधी पौषात मणी बांधूचो. मी म्हाराजाक व्हय म्हटलंय." लतिकाला एकेक दिवस जड जात होता.

तिनं काय केलं होतं? झाडं मोजली होती. भोईवाड्याच्या देवळामागे, कॉटन ग्रीनच्या गोदामाशेजारी, गिरगावात एका वाडीत, राणीच्या बागेत, जिथे जिथे पुत्रंजीव सापडला तिथे जाऊन तिनं माळ्यांना, रखवालदारांना, पाला झाडणाऱ्या बायांना विचारलं होतं: कुठल्या साली भरला, कुठल्या साली रिता गेला? वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. सगळीकडे एकच उत्तर. ज्या साली चाळीतलं झाड भरलं, त्याच साली शहरातली सगळी भरली, आणि तिथे कुणी बुवा गेला नव्हता. हे झाड चैत्राच्या सुमाराला फुलतं. तेव्हा हवा कोरडी राहिली की नरझाडांचे पराग मादीझाडांपर्यंत पोचतात आणि बी धरतं. मळभ आलं, अवकाळी शिंतोडे पडले, की पराग भिजून वाया जातात. शिवाय एकदा भरभरून बी दिलेलं झाड साठवण संपवून बसतं, पुढच्या साली दम खातं. गेला चैत्र मळभाचा होता. म्हणजे झाड थकलेलं आणि हवाही वाईट. यंदा ते रितं जाणार, हे लतिकानं आषाढातच वहीत लिहून ठेवलं होतं.

तेव्हाच ओरडून सांगता आलं असतं. ती गप्प राहिली. बुवांना चारचौघांत मोठ्यात मोठी फुशारकी मारू दे, मग पाडू. सूड घ्यायचा तर पुराव्यानं, आणि पुरावा पिकायला झाडाइतकाच वेळ लागतो.

बुवांनी तिला निराश केलं नाही.

"गेल्या साली हे झाड भरलं," चौरंगावरून बुवा गरजले. "यंदा दुप्पट भरलंय! आणि ज्या साली हे दुप्पट भरेल, त्या साली मुंबई महाराष्ट्राची झालीच म्हणून समजा!"

त्यांच्या मागच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं 'झालाच पाहिजे' होतंच. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. आता झाडावर शंका घेणं म्हणजे मुंबईवर शंका घेणं! लतिकानं मनातल्या मनात बुवांच्या हुशारीला दाद दिली आणि ओठ घट्ट मिटले. आठ दिवसांपूर्वी, कनात लागायच्या आदल्या दिवशी तिनं झाड पाहिलं होतं. उभ्या झाडावर फळं होती नऊ.

"सात दिवस मी आत अन्नपाण्याविना बसलो. आत डोकावणाऱ्याचे डोळे गेले असते. आता डोळे भरून बघा!"

कनातीची दोरी सुटली.

झाड भरलेलं होतं. फांदीफांदीला बियांचे घोस लोंबत होते.

"व्हय म्हाराजा!" या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. बायकांनी पदर पसरले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा आनंदा लतिकाकडे वळून हसला, "काय बी.एस्सी.? तुमच्या बुकात काय लिवलंय?"

क्षणभर लतिकाला वाटलं, आपलंच चुकलं. सगळी झाडं रिती, मग हे एकच कसं? मग तिनं स्वतःला विचारलं: झाड चुकतं, की माणूस खोटं बोलतो? ती गर्दी कापत फांदीखाली गेली. वर बघितलं. आणि तिला हसू आलं.

"आनंदादादा, गावी तुमचे आंबे आहेत ना?"

"आठ कलमां."

"कलमाला कधी नुसत्या कोया लागलेल्या बघितल्यात? साल नाही, गर नाही, वाळकी कोय देठाला लोंबतेय?"

"येडी का काय!"

"मग हे काय लोंबतंय बघा. पुत्रंजीवाचं फळ पांढुरकं, लवदार असतं. त्याला गर असतो. बी आत असतं. इथे फळ कुठाय? नुसतं बी आहे, तेही वर्षभर वाळलेलं. काष्ठौषधीच्या दुकानात पोत्यानं मिळतं तसं."

लोक माना वर करून बघू लागले. कुणीतरी खुदकन हसलं. पण दौलतबुवा कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"पोरी, खरं बोललीस!" ते प्रेमानं म्हणाले. "गेल्या साली गर काढता काढता या माउल्यांची बोटं सोलवटली. राखणदाराला दया आली. यंदा त्यानं गर ठेवलाच नाही, तयार मणीच दिला!"

"व्हय म्हाराजा!"

लतिकानं वही काढायला पिशवीत हात घातला. पण वही पुढे केली तर वही वाचणार कोण?

"पहिला मणी शंकेखोराच्याच घरी!" बुवांनी खालच्या फांदीवरून एक घोस ओढून तोडला. "जाईबाय, ये. तुझ्या नातवाक बांध. ह्या खेपेक सुनेक शिवाक देऊ नको."

बकुळा हेरंबला घेऊन भिंतीशी उभी होती. तिनं मान खाली घातली. जाईबाई पुढे झाल्या, दोन्ही हातांनी घोस घेतला, कपाळाला लावला. मग त्यांचा अंगठा थांबला.

जाईबाईंनी सव्वीस वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढली होती. तुटलेलं सूत सांधायचं, दिवसातून शेकडो वेळा. डोळे आता अधू झाले होते, पण बोटं नाही. त्यांनी देठाशी चाचपलं. पुन्हा चाचपलं. देठाच्या जागी हिरवं रंगवलेलं सूत होतं.

"बुवा, ह्या काय?"

"देवाचा देठ तो."

"देठ न्हय. सूत आसा. आनि ही गाठ." जाईबाईंनी घोस आनंदाच्या नाकाशी धरला. "तू सांग रे. ही गाठ कोण मारता?"

आनंदानं गाठ नखानं ओढून बघितली. त्याचं हसू मावळलं. "ही साच्यावरची गाठ. बारीक, चपटी, फणीतून सुळकन जाणारी. गिरणीबाहेरच्या माणसाला बापजन्मात जमायची नाही." त्यानं दुसरी फांदी खाली ओढली, तिसरी ओढली. "सगळीकडे तीच! अहो, गिरनारच्या गुहेत साचे कधीपास्नं लागले?"

बुवांनी घोस परत घ्यायला हात पुढे केला, पण जाईबाईंनी तो मुठीत धरला.

"सात दिवस कनातीत तप नव्हतं चाललं," लतिका म्हणाली. "गेल्या सालचं वाळकं बी झाडाला बांधणं चाललं होतं. झाड यंदा रितंच आहे. शहरातले सगळे पुत्रंजीव रिते आहेत."

गर्दीतून पेटीवाला राजाराम पुढे आला. लतिकानंच त्याला बोलावून ठेवलं होतं. गेल्या वर्षी भिजवलेला माणूस तो. शांतपणे म्हणाला, "साथ चालू आहे. मला इथल्या प्रत्येकाचे दंड तपासायचेत. बुवा, सुरुवात तुमच्यापासून. बाही वर करा."

"माझ्या देहाला स्पर्श नको!"

आनंदानं आणि आणखी दोघांनी बाही वर केली. दंडावर चार गोल वण होते, रुपयाएवढे स्वच्छ.

"लस टोचल्याचे," राजाराम म्हणाला. "लहानपणी दोन, पुन्हा दोन. पक्कं काम आहे."

मग जो आवाज उठला तो 'व्हय म्हाराजा'चा नव्हता. पहिली चप्पल दुसऱ्या मजल्यावरून आली. बुवा चौरंगावरून खाली पडले, दाढीला कुणाचा तरी हात गेला. लतिकानं गेले दहा महिने हेच दृश्य डोळ्यांपुढे आणून झोप घेतली होती. तिला ते आवडलं. खोटं कशाला बोला, फार आवडलं. पण चार फटके खाऊन हा माणूस परळला दुसऱ्या झाडाखाली बसेल, हेही तिला दिसत होतं.

"मारू नका!" ती ओरडली. "मारलंत तर सुटला. इतक्या स्वस्तात मला नकोय."

लोक थबकले.

"वर्षभर तुम्ही कशाला हो म्हणालात ते आठवा. झाडाला बी येतं ते हवेमुळे आणि साठवणीमुळे. गावचा आंबा एक साल आड धरतो, तेव्हा तुम्ही बुवा शोधत नाही. कुणी चमत्कार सांगितला तर एवढंच विचारा: दुसरीकडे काय झालं? गेल्या साली काय झालं? आणि तू स्वतः काय करतोस? तिसरा प्रश्न गेल्या पौषात विचारला असता, तर वेणू आज जिन्यात असती. मुंबई हवी ना? तिच्यासाठी फ्लोरा फाउंटनला माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या. झाडानं नाही."

जाईबाई सुनेकडे गेल्या. हेरंबला तिच्या कडेवरून घेतलं, राजारामपुढे बसल्या आणि नातवाचा इवला दंड स्वतः उघडा करून धरला. सुई लागली तसं पोरानं टाहो फोडला. देवाला दिलेला शब्द मोडत होता, पण म्हातारीनं दंड सोडला नाही. तिच्यामागे रांग लागली.

"ताई," लतिकानं विचारलं, "याचं काय करायचं? तू सांग."

बकुळा वर्षभरात पहिल्यांदा पटांगणाच्या मध्यावर आली. दौलतकडे बघत राहिली.

"राजारामभाऊंच्या पेटीबरोबर हा जाईल," ती म्हणाली. "भोईवाड्यापासून कॉटन ग्रीनपर्यंत, जिथे जिथे ह्याच्या माळा गेल्यात त्या प्रत्येक चाळीत. बाही वर करून वण दाखवील. बी कसं बांधलं ते सांगील. आणि माझ्या मुलीचं नाव घेऊन सांगील, की तिची आई शिवली नव्हती."

"मंजूर!" आनंदा गरजला. "आम्ही चौघं बरोबर जातो. पळून तर बघू दे. त्यानंतर पोलिसचौकी आहेच."

"सुरुवात इथूनच," बकुळा म्हणाली.

दौलत उभा राहिला. कफनीची बाही फाटून खांद्याशी लोंबत होती. तिन्ही मजले कान देऊन होते. नळावरच्या बायका कळश्या खाली ठेवून उभ्या होत्या. तो जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," बकुळा म्हणाली.