बुजवलेले छिद्र

मी एक जुनी वायर आहे. संगणकाच्या पेटीत, जिथे तुमची नजर कधी पोहोचत नाही, तिथे माझे आयुष्य गेले. पेटीच्या तोंडावर पेनड्राईव्ह लावायच्या दोन खाचा असतात ना, त्या माझ्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला काळी टोपी असते. ती आतल्या मदरबोर्डच्या पिनांवर बसते. त्या खाचांत तुम्ही काहीही लावा, वीज आणि माहिती माझ्यातूनच ये-जा करते.

माझ्या टोपीला दहा छिद्रे. त्यातले एक कारखान्यातच बुजवलेले होते. माझ्या जोडीच्या बोर्डवर पिना नऊच होत्या, त्यामुळे मी कधी उलटी बसले नाही आणि परक्या बोर्डवर तर बसायचेच नाही. मित्रांनो, मला त्या बुजलेल्या छिद्राचा फार अभिमान होता. बाकीची कामे सगळेच करतात. चूक होऊ न देणे मात्र त्या एकट्याकडे होते.

मानाती गावात, जुन्या साखर कारखान्यामागच्या गल्लीत, निवार्दोच्या पुढच्या खोलीत मी सात वर्षे राबले. लोक पेनड्राईव्हवर मालिका भरून न्यायला येत, मुलींच्या, आमच्याकडे लग्नाइतक्या थाटात होणाऱ्या, पंधराव्या वाढदिवसाचे फोटो घेऊन येत. "निवार्दोची पेटी कधी दगा देत नाही," असे गल्लीत म्हणत. ते ऐकून मी उगाच फुगत असे.

मग एकदा गेलेली लाईट अशा झटक्याने आली की माझा बोर्ड मेला. नवा आणायचा कुठून? आमच्या गावात वस्तू मिळत नाही, ती जुळवावी लागते. निवार्दोने कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेल्या संगणकातला, माझ्याहून म्हातारा बोर्ड मिळवला. त्याला पिना पूर्ण दहा. मी काही बसेना.

निवार्दोने सुई चुलीवर लाल केली.

"बंद ठेवलंय तर काहीतरी कारण असेल की," त्याची बायको युसिमी म्हणाली.

"कारण कारखान्यात असतं गं. आपल्याकडे नुसतं भोक असतं."

"तुझं डोकंही असंच सुईने उघडायला हवं होतं कुणीतरी."

तो हसला आणि त्याने माझे छिद्र जाळून मोकळे केले. मी बसले. त्या बोर्डवर पिनांची एक ओळ माझ्यासारखीच होती, पण दुसरी उलट्या क्रमाने लावलेली. म्हणजे माझी डावी खाच ठीक, आणि उजवीत वीज उलटी. मला ते बसताक्षणीच कळले. पण वायरीला तोंड कुठे असते?

चार दिवस लाईट नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी ती आली, गल्ली ओरडली, आणि गल्लीतली म्हातारी हर्मेलिंदा जवळजवळ धावतच दारात आली. हातात कॉफीचा थर्मास, गळ्यात दोरीला बांधलेला पेनड्राईव्ह. तिचा नवरा कांदिदो जागच्या जागी दहा ओळींचे कवन रचून गायचा. जत्रेत कुणी विषय द्यायचा अवकाश. त्याने आयुष्यात एक ओळ कागदावर लिहिली नाही. तो मरायच्या आधी भाचीने त्याचा आवाज फोनमध्ये धरला होता. फोन हरवला, भाची देश सोडून गेली, आणि उरला तो या पेनड्राईव्हमधला एवढाच.

"एकावर विसंबू नये, पोरा," ती म्हणाली. "हा दुसरा रिकामा आणलाय. त्यात उतरवून दे. म्हातारा नाहीतरी एका जागी कधी टिकला नाही."

"द्या मावशी, लाईट जायच्या आत उरकू."

रिकामा पेनड्राईव्ह त्याने डावीकडे लावला. त्याचा दिवा लागला. "बघा, चालतंय," निवार्दो म्हणाला. मग कांदिदोला उजवीकडे लावले.

त्याने अदलाबदल केली असती तर रिकामा जळाला असता. मी हा विचार रोज करते. आधी वास आला, मग धूर. भरलेला गेला आणि कोरा वाचला. निवार्दोने जळका ओढून काढला तेव्हा त्याच्या बोटाला चटका बसला. हर्मेलिंदाने विचारले, "झालं का उतरवून?" निवार्दोने लाईटला दोष दिला.

त्याच संध्याकाळी निवार्दोने मला उपटले. बैल गेला आणि झोपा केला. आता मी बिस्किटांच्या डब्यात, स्क्रूंच्या गर्दीत पडून आहे.

मित्रांनो, तुम्हाला कधी पेटी उघडायचा योग आला, तर बुजलेले छिद्र उघडू नका. कारण माहीत नसेल तर आधी विचारा. जे बसत नाही ते 'नाही' म्हणत असते. पण हे मी सांगून तरी काय होणार? मोकळे झालेले छिद्र पुन्हा बुजत नाही.

लाईट आली की हर्मेलिंदा अजून येते. "आज बरी दिसतेय लाईट. बघतोस का एकदा लावून?" निवार्दो तो जळका पेनड्राईव्ह दुसऱ्या पेटीत लावतो आणि खोटेच म्हणतो, "अजून वेळ लागेल, मावशी." मग ती खुर्चीत बसून कवन आठवत बसते. आधी तिला दहापैकी सहा ओळी येत. परवा दोनच आल्या.

"तिसरी काय होती रे?" तिने विचारले.

निवार्दोला माहीत नव्हती. मलाही नाही. त्या दुपारी ती माझ्यातूनच जाणार होती.