मुक्कामाचं गाव

“या गावात बाजारात जायलाही चढच,” नवरा पुटपुटला आणि नकाशातल्या तिसऱ्या गावावर त्याने काट मारली. तीस वर्षं डोंगर चढलेला हा माणूस. दर सुट्टीत मुक्कामाचं गाव तोच ठरवतो. यंदा मीही त्याला चोरून लॉजवाल्यांना फोन करत होते, हृदयाचा डॉक्टर किती लांब आहे ते विचारायला. सकाळी जिना चढताना तो दर मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबला. नाडी सुटलेली नव्हती. लेक आणि मीही थांबलो.

“बाबा, हे गाव घ्या, अगदी सपाट आहे,” लेक म्हणाली.

“मग डोंगर काय लॉजवाले खोलीवर पाठवणार आहेत?” मी उसनं हसले.

त्याने पेन खाली ठेवलं.

“मला आता चढवत नाही गं.”