धोंडूबाईच्या फोटोखालचा मजकूर

टोकावड्याला माळशेजच्या रस्त्याला लागून हरेशचा ढाबा आहे. मार्चमधल्या एका रविवारी तिथे एक फ्रेंच जोडपं गाडीतून उतरलं आणि हरेशला मोबाइल दाखवून काहीतरी विचारायला लागलं. हरेशला काही उमगेना, म्हणून त्याने चुलत बहिणीला फोन करून बोलावून घेतलं. नम्रता मुरबाडला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. रविवारी घरीच असायची.

"ही म्हातारी कुठे राहते?" नम्रता आल्यावर जोडप्यातल्या बाईने विचारलं. "तिची झोपडी बघायची आहे आम्हाला."

मोबाइलमध्ये शेजारच्या धोंडूकाकीचा फोटो होता. डोक्यावर मोळी, पायात चप्पल नाही, तोंडभर हसू. मुंबईतली कुठलीशी सहल कंपनी परदेशी पाहुण्यांना 'खरा भारत' दाखवत होती, तिच्या वेबसाइटवरचा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : 'या वृद्धेने आयुष्यात शहर पाहिलेलं नाही. बाहेरचं जग तिला ठाऊक नाही, म्हणूनच ती सुखी आहे.'

नम्रताने ते दोनदा वाचलं. मग हात लांब करून ढाब्यामागचं पिवळ्या रंगाचं स्लॅबचं घर दाखवलं. "तिथे राहतात त्या. झोपडी नाही."

जोडप्याचे चेहरे पडले. चहा पिऊन ते निघूनही गेले. त्या पडलेल्या चेहऱ्यांनीच नम्रताच्या डोक्यात तिडीक गेली. घर पक्कं निघालं म्हणून वाईट वाटून घेणारे हे कोण?

धोंडूबाई अंगणात वाल निवडत बसली होती. नम्रताने तिला फोटो दाखवला आणि खालचं सगळं मराठीत सांगितलं.

"मी शहर नाय पाह्यलं?" धोंडूबाईने सूप बाजूला ठेवलं. "बावीस वर्सं कल्याणच्या बाजारात बसले मी. काकड्या, शिराळी, करवंदं इकली. मुन्शिपाल्टीवाले उठवायला आले का बाकीच्या बाया पळायच्या, मी नाय हलायची. आणि हे कोण मला सांगणार?"

"फोटो कोणी काढला, काकी?"

"गेल्या होळीला लाकडं आणत होते. एक पोरगा गाडीतून उतरला, आजी हसा म्हनला. आता कोणी हसा म्हनलं तर मानूस हसतो का नाय? हसले. नाव पण नाय इचारलं मेल्याने." तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आणि गो नमू, मी सुखी हाय हे त्याला कोणी सांगितलं?"

नम्रताने कंपनीला तीन मेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही.

परदेशी पाहुण्यांसाठी आपल्या देशाबद्दल ब्लॉग लिहायचा, हे तिच्या मनात दोन वर्षं घोळत होतं. राजस्थानचे किल्ले, केरळची होडी, अशी यादीही तिने करून ठेवली होती. ती यादी तिने फाडून टाकली आणि पहिला लेख धोंडूबाईवर लिहिला. तिच्या परवानगीने, तिच्या पूर्ण नावानिशी. कल्याणच्या बाजारातली बावीस वर्षं लिहिली, मुलीला नर्सिंगला घातलं ते लिहिलं, गुडघ्याचं दुखणंही लिहिलं. शेवटी लिहिलं : कल्याणहून एसटीने या. फोटो काढण्याआधी विचारा. माणूस नको म्हणाला तर वाद घालू नका. आणि गरिबी शोधायला येणार असाल तर येऊच नका.

पहिल्या आठवड्यात तो लेख अकरा जणांनी वाचला. मग डेन्मार्कच्या एका निवृत्त शिक्षिकेने तो आपल्या ओळखीत पाठवला आणि वाचणारे वाढत गेले. तेव्हा कुठे कंपनीतून फोन आला. बोलणाऱ्याचं नाव मितेश. आवाज मधाळ.

"मॅडम, तुम्ही छान लिहिता. आमच्यासाठीच लिहा ना. फक्त ते एसटी, स्लॅबची घरं, मोबाइलचे टॉवर जरा टाळा. गेस्टना ते नको असतं."

"आणि काकींचा फोटो?"

"त्याला इतका रिस्पॉन्स आहे! अहो, त्यात वाईट काय लिहिलंय? सुखी आहे असंच म्हटलंय ना?"

नम्रताने फोन ठेवला. तिला आणखी काही बोलायचं होतं आणि ते तिला वेळेवर सुचलं नाही, याचा राग वेगळाच.

पंधरा दिवसांनी मितेश आठ पाहुणे घेऊन हरेशच्या ढाब्यावर आला. जेवणाची ऑर्डर मोठी होती, हरेश खूश होता. मितेशने त्याला बाजूला घेतलं. "त्या आजींना मोळी घेऊन पाच मिनिटं इथून चालायला सांगा ना. चप्पल नको."

हरेशने जाऊन निरोप दिला. धोंडूबाई आली, पण मोळी न घेता. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोळ्यांवर चष्मा, पायात चप्पल, बरोबर नम्रता. पाहुण्यांच्या टेबलासमोर उभी राहून ती म्हणाली, "नमू, बोल."

नम्रता इंग्रजीत बोलली. वेबसाइटवर काय लिहिलं आहे ते सांगितलं आणि खरं काय तेही सांगितलं.

"मॅडम, इथे तमाशा नको," मितेश मधे आला.

धोंडूबाई त्याच्याकडे वळली. "तमाशा कोण करतंय? माझा फोटो इकतोस ना? मग माझं नाव सांग."

मितेशने हरेशकडे पाहिलं. हरेशने मान खाली घातली. नम्रताने पाहुण्यांना प्रश्नही समजावून सांगितला आणि त्यानंतरची शांतताही. कुणी ताटाकडे बघत राहिलं. एकाने मोबाइल वर केला होता; धोंडूबाईने नुसतं बोट दाखवलं, तसा त्याने तो खिशात घातला. एक वयस्क बाई उठून आली आणि तिने नाव विचारलं.

त्या संध्याकाळी वेबसाइटवरून तो फोटो काढून टाकला गेला. माफीचा एक शब्द आला नाही. आणि कंपनीच्या गाड्या पुढच्या ढाब्यावर थांबायला लागल्या.

हरेश संतापला. "तुझं काय गेलं गो? पाहुणे माझे गेले!"

नम्रताला त्याचं म्हणणं पटलं. खोटं लिहिलं दुसऱ्याने, आणि फटका बसला हरेशला. यात न्याय कुठला? तिने हे सगळं, हरेशचं नुकसानसुद्धा, ब्लॉगवर लिहून टाकलं. टोकावड्याला याल तर हरेशकडे जेवा, असं स्पष्ट लिहिलं. हरेश दीड महिना तिच्याशी बोलला नाही.

मग एका दुपारी त्याचाच फोन आला. आवाज अजून घुश्शातलाच. "दोन पोरी आल्यात. एसटीनं. वालाची आमटी मागवली आणि धोंडूकाकीला इचारतात. मला नाय बोलता येत, तू ये."

नम्रता पोचली तेव्हा धोंडूबाई आधीच त्या दोघींसमोर खुर्ची ओढून बसली होती. तिने बाजारातून उठवायला येणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायला घेतली. मधे दोन अस्सल शिव्या आल्या. नम्रताने त्या गाळून पुढचं वाक्य इंग्रजीत केलं. मुली गंभीरपणे ऐकत राहिल्या.

धोंडूबाईने नम्रताचा दंड धरला. "त्या हसल्या कशा नाय? तू मधलं खाल्लंस. मी म्हनते तेवढं सगळं सांग, नायतर मी बोलायची नाय."