खाजणातल्या अक्षता

करावे गावची बहुतेक खाजणं, म्हणजे खाडीकाठची खारी भातशेतं, सरकारजमा होऊन त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी खाडीच्या बांधाकाठची एक पट्टी मालतीबाईंच्या ताब्यात उरली होती. त्यांच्या घरचा रिवाज असा, की लेकीच्या लग्नात अक्षता पडायच्या त्या आपल्याच खाजणातल्या तांबड्या भाताच्या. त्यांच्या जागृतीचं लग्न माघात ठरलं होतं, आणि इकडे आषाढात रोपांचे शेंडे करपले होते.

शेजारची काशी बांधावर उभी राहून म्हणाली, "मालते, वाशीच्या मार्केटातनं आन की तांदूल. नवरा काय दाना चावून बगनार हाय?"

"तुझ्या पोरीच्या लग्नाला आन तू. माझ्या पोरीच्या डोक्यावर माझाच दाना पडंल."

बोलून गेल्या, पण चुकलं कुठं ते त्यांना कळेना. बांध शाबूत होता, भरतीचं पाणी आत शिरलं नव्हतं. उलट यंदा सासूच्या रीतीनं मासळीचा चुरा खत म्हणून भरपूर घातला होता.

"आये, आजी कसला चुरा घालायची?" जागृतीनं विचारलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती.

"ताज्या मासलीचा. डोकी, खवलं."

"आनि तू?"

"सुकटवाल्यांकडचा..." मालतीबाई थांबल्या. "खारवलेल्या मासलीचा. मीच मीठ पेरलं गो."

जागृतीनं शेतातलं पाणी पेल्यात गाळून घेतलं आणि कॉलेजातून मागून आणलेल्या बाटलीतल्या, मीठ ओळखणाऱ्या रसायनाचा एक थेंब त्यात सोडला. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"हे मीठ. मातीतलं पानी एवढं खारं झालं, की रोपाच्या मुळांना ते ओढवत नाय. रोप पान्यात उभं राहून तहानेनं मरतं."

"मंग माती धुवायची."

ते काम मालतीबाईंना लहानपणापासून ठाऊक होतं. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, पायांनी चिखल ढवळायचा आणि ओहोटी लागली की बांधाच्या दारातली फळी उचलून खारं पाणी खाडीत सोडायचं. काशी म्हणाली, "मातीला आंघोल घालतेय बया." मालतीबाई ढवळत राहिल्या. दर वेळी जागृती पेला भरी, थेंब सोडी. दुधाचं ताक झालं, ताकाचं धुकं झालं.

"आता?"

"आता टाक बी."

मोड आलेलं बी त्यांनी चिखलात फेकलं. भात दिवाळीनंतर उशिरा पिकलं, पण लोंब्या भरून आल्या.

हळदीच्या दिवशी मांडवात येणाऱ्या प्रत्येक पाहुणीला मालतीबाई आधी सुपातले तांबडे तांदूळ दाखवत, मग नवरी.

"माती मी धुतली," त्या सांगत, "पन धुवून निघाली का, ते हिनं सांगितलं. एका थेंबानं."

"आये, पुरे आता," हळदीनं माखलेली जागृती कुजबुजली.

मालतीबाईंनी सूप उचललं. नवऱ्याकडच्या बाया आत्ताच येऊन बसल्या होत्या, आणि त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.