चाळीस खुर्च्या, टेबल नको

फोन वाजत होता. मधल्या हॉलमध्ये खुर्च्या लावता लावता त्याला तो भिंतीपलीकडून ऐकू येत होता. तीन घंट्या झाल्या, चार झाल्या, पाच झाल्या. त्याची बायको चौथी घंटा कधी होऊ देत नसे. गिऱ्हाईक चौथ्या घंटेला दुसरा हॉल शोधायला लागतं, असं तिचं म्हणणं.

"अगं, उचल की!" तो तिथूनच ओरडला.

फोन थांबला आणि लगेच परत सुरू झाला. त्याला जरा रागच आला. अकरा वाजता साठ माणसं येणार होती आणि शेवटची रांग राहिली होती. ती त्याने आधी पुरी केली. दोरी धरून सरळ केली. मग गेला.

बायको टेबलाशी बसलेली होती. चष्मा नाकावर, पेन बोटांत, डोकं भिंतीला टेकलेलं. बुकिंगच्या वहीत अर्धा शब्द लिहिलेला होता. फोन वाजतच होता. त्याने तो उचलला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाला, "थोड्या वेळाने करा. बाई कामात आहेत."

डॉक्टर नंतर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल.

अकराला साठ माणसं आली. हॉलच्या मालकांनी फोनवर सांगितलं, पुढच्या लिफ्टने नेऊ नका, तिथे लोक गळ्यात नावं अडकवून उभे आहेत. तेव्हा तिला सामानाच्या लिफ्टने खाली नेलं. कार्यक्रम वेळेवर पार पडला. लोकांनी जाताना अभिप्राय लिहिला, बैठक व्यवस्था उत्तम.

सहाव्या मजल्यावर मोठा, मधला आणि छोटा असे तीन हॉल होते. कंपन्या ते तासांवर भाड्याने घ्यायच्या. एकोणीस वर्षं तिने फोन सांभाळला आणि त्याने खुर्च्या. फोनवर ती ठरलेले प्रश्न विचारायची. माणसं किती, वेळ किती, खाणंपिणं काय, दारं कुठली लागतील, आणि शेवटी, लोक हातात काय घेऊन येणार? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ जण हसायचे. पण त्यावरून तिला कळायचं, टेबलं कुठे हवीत आणि किती.

"खुर्च्या कशा पाहिजेत ते सांगा, आत काय शिजतंय ते मी सांगते," असं ती म्हणायची, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. घोड्याच्या नालासारख्या मांडल्या की साहेबाला सगळ्यांची तोंडं बघायची आहेत. गोल टेबलं असली की कुणाला तरी खूश करायचंय. व्यासपीठ उंच मागितलं की माल काही खपत नाहीये.

आणि एक प्रकार होता, त्याला ती दोघं कोरडा कार्यक्रम म्हणत. नुसत्या खुर्च्या. टेबल नाही, चहा नाही, खाली बोर्डावर नाव नाही. शेजारची छोटी खोली हवी, तिथे टिश्यूचे डबे हवेत. मागचं दार उघडं हवं. सकाळी माणसं पुढच्या दाराने गप्पा मारत यायची, एकेकाला नावाने आत बोलावलं जायचं, आणि हातात नोकरी संपल्याचं पाकीट घेऊन ती मागच्या दाराने जायची. ती परत त्यांच्या ऑफिसात जायची नाहीत. असे नऊ-दहा कार्यक्रम त्याने बघितले होते. त्या दिवशी हॉलमध्ये पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

यातलं बाहेर काही बोलायचं नाही, हा तिचा नियम. एकदा लिफ्टवाल्याचा मेहुणा यादीत होता. तिला दोन दिवस आधी कळलं होतं. दोन्ही दिवस ती त्याच लिफ्टने वर आली, लिफ्टवाल्याशी हवापाण्याचं बोलली, आणि गप्प राहिली. नवरा म्हणाला, "सांगायचंस ना." तर म्हणे, "आपण खुर्च्या देतो. बातम्या देत नाही."

ती गेल्यावर फोन त्याच्याकडे आला. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, बाई नाहीत का? तो म्हणायचा, रजेवर आहेत. एकदा झाडू मारता मारता मावशींनी ते ऐकलं.

"चार महिने रजा, काका? मला एक दिवस मागितला तर मालक तोंड वाकडं करतात!" असं बोलून गेल्या, आणि मग त्यांनाच कसंतरी झालं. दिवसभर त्या मोठ्या हॉलमधून बाहेर आल्या नाहीत.

मुलगी एका मोठ्या कंपनीत हिशेबाच्या कामाला होती. आई गेल्यावर ती स्वतःची भाड्याची खोली सोडून त्याच्याकडे राहायला आली. दुसऱ्या शहरातून तिला चांगली नोकरी चालून आली होती. बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. ती नाहीच म्हणणार होती. कारण ती सांगत नव्हती, पण एकदा बोलली, "तुम्ही गॅस चालू ठेवून बाहेर जाता, बाबा." गेला होता तो तसा, दोनदा.

सोमवारी फोन आला. एका बाईंचा आवाज होता, तरुण आणि अगदी हळू. त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं तेव्हा त्याचं पेन थांबलं. मुलीचीच कंपनी.

"गुरुवारी सकाळी दहा ते बारा. चाळीस खुर्च्या. टेबल नको."

"चहा किती जणांचा?"

"चहा नको. पाणी ठेवा."

"खाली बोर्डावर काय लिहू?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. "काही लिहू नका," बाई म्हणाल्या. "आणि शेजारची छोटी खोली मिळेल ना? तिथे तीन-चार खुर्च्या पुरेत. टिश्यूचे डबे ठेवाल? मागचं दार उघडं राहू दे. लोक पुढून येतील, मागून जातील. दाराशी आमचा माणूस असेल, त्याच्याकडे नावं आहेत."

त्याने सगळं वहीत लिहिलं. फोन ठेवला. आणखी काही विचारायचं त्याला सुचलं नाही.

सोमवारी तो घरी काही बोलला नाही. मुलगी नवा पडदा शिवत बसली होती, तिच्याकडे नुसता बघत राहिला. मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या त्या लोकांना नाही म्हणून टाकते. एकदाची कटकट मिटू दे."

"नको."

"काय नको?"

"नाही म्हणू नकोस." त्याने घास खाली ठेवला. "तुमच्याकडे काही चाललंय का?"

"आमच्याकडे रोजच चाललेलं असतं. का?"

"गुरुवारी तुमच्या कंपनीने मधला हॉल घेतलाय."

"घेऊ दे की. विक्रीवाल्यांना हौसच असते."

"टेबलं नाहीत."

ती थांबली. याच घरात वाढलेली पोर. रोजच्या जेवणात तिने आईबापांकडून हेच ऐकलं होतं.

"चहा?"

"नाही."

"बोर्ड?"

"नाही."

"छोटी खोली?"

"घेतलीय."

"मागचं दार?"

त्याने मान हलवली. तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला.

"किती खुर्च्या?"

"चाळीस."

"आमच्या मजल्यावर आम्ही अडतीस आहोत," ती म्हणाली. "आणि दोन साहेब."

मग कुणीच जेवलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला अजून निरोप नाही."

"तसला निरोप आदल्या संध्याकाळी येतो."

"मग मीच आधी जाते. काढल्यावर गेले तर नव्या ठिकाणी विचारतील, का काढलं. आधी गेले तर मी सोडलं."

बुधवारी सकाळी तिने राजीनामा दिला आणि दुपारी नव्या लोकांना हो कळवलं. घरी आली ती तावातावाने बोलतच. "साहेबांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, बाबा! कागद बघितला आणि नुसतं 'बरं' म्हणाले. माझ्याकडे बघतही नव्हते. डोळे लाल. म्हटलं, आता काही शंकाच नको. शिल्लक रजा धरून आजच मोकळी केली. सोमवारी तिकडे हजर व्हायचं, म्हणजे रविवारी निघते." मग त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आईने नसतं सांगितलं हो. तुम्ही सांगितलंत."

गुरुवारी तो लवकर आला. आठाच्या पाच रांगा लावल्या. मावशींनी दारातून बघितलं.

"कोरडा?"

"हं."

"कुणाचा?"

"पोरीच्या कंपनीचा."

छोट्या खोलीतली खिडकी मावशींनी दोनदा पुसली.

साडेनऊला फोनवरच्या बाई आल्या. मुलीच्याच वयाच्या. बरोबरच्या माणसाच्या काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं.

"काका, पुढे एक छोटं टेबल मिळेल का? फोनवर सांगायला विसरले. आणि फुलं ठेवायला एखादं ताट. लोक फुलं घेऊन येतील."

त्याने टेबल आणलं. माणसाने कापड सोडलं. आत एक फोटो होता. म्हातारा माणूस, डोक्यावर गोदामातली पिवळी टोपी, हसताना डोळे बारीक झालेले.

"हे?" त्याने विचारलं.

"आमच्या गोदामाचे जुने साहेब. वर्षापूर्वी निवृत्त झाले. शनिवारी गेले." बाईंनी फोटो टेबलावर सरळ केला. "घरच्यांना गाजावाजा नको होता. त्यांच्या हाताखालची जुनी माणसंच फक्त बोलावलीत. त्यांच्या मिसेस आत छोट्या खोलीत बसतील, सारखं पुढे बसवत नाही त्यांना. तुम्ही बोर्डावर काय लिहू विचारलंत ना, मला तो शब्द बोलवेना. माफ करा."

"नाही, नाही," तो म्हणाला. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. लोक हातात काय घेऊन येणार, हे त्याने विचारलं नव्हतं. बाकी सगळं विचारलं होतं.

दहाला माणसं येऊ लागली. फूल ठेवायची, फोटोकडे बघायची, खुर्चीवर बसायची. जाताना एकेक जण छोट्या खोलीत डोकावून मागच्या दाराने जायचा. आत एक बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "तुम्ही पाणी घेतलंत का?" त्याने दोन वेळा त्या खोलीत पाणी नेलं. दोन्ही वेळा तिने त्यालाही विचारलं.

बोलायला शेवटी एक जाडसर गृहस्थ उभे राहिले. डोळे लाल. "माझी पहिली नोकरी यांच्या हाताखाली," एवढं बोलले आणि माईक ठेवून खाली बसले.

तो मागच्या दाराशी उभा होता. ते गृहस्थ बाहेर पडताना त्याने धीर करून विचारलं, "साहेब, तुम्ही हिशेबाचं बघता ना? माझी मुलगी तुमच्याकडे..." त्याने तिचं नाव सांगितलं.

साहेब थांबले. "तुम्ही तिचे वडील? अहो, काल तिने राजीनामा दिला. मी इतका... मी तिला नीट विचारलंही नाही, काय अडचण आहे म्हणून. चांगली मुलगी आहे. घाई केली तिने. कागद माझ्याच टेबलात आहे. सोमवारी वर पाठवीन. त्याच्या आत म्हणाली तर फाडून टाकतो. सांगाल तिला?"

"सांगतो," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी गेला तर पलंगावर तिची बॅग उघडी होती. चार महिन्यांत पहिल्यांदा ती शीळ घालत होती. त्याला बघून थांबली.

"झालं?"

"झालं."

"रडले का लोक?"

"रडले."

"मला वाटलंच," ती म्हणाली. बॅगेत आईचा स्वेटर ठेवला, काढला, परत ठेवला. "अशा ठिकाणी राहण्यात अर्थच नव्हता, नाही का? आता तिकडे जरा स्थिर झाले की तुम्हाला घेऊन जाईन. तोवर गॅसचं तेवढं बघा."

तो हो म्हणाला. मग कपडे बदलून तिच्या बॅगेची अडकलेली चेन दुरुस्त करत बसला. शुक्रवारी तिला लागणाऱ्या वस्तूंची यादी घेऊन बाजारात गेला. शनिवारी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, काही बोलायचंय का बाबा, सारखे बघताय. तो म्हणाला, काही नाही.

गाडी रविवारी दुपारी दोनची होती. शनिवारी दिवेलागणीला बॅगा दाराशी येऊन लागल्या, आणि तिला सांगायचं अजून राहिलं होतं.